मुद्दाम हरलेली मॅच

मी ज्या बास्केटबॉल टीमचा फॅन आहे ना, ती अमेरिकेतली आहे आणि तिचं नाव आता मी कुणाला सांगत नाही. आधी लई सांगायचो. वारूळवाडीतल्या कटिंगच्या दुकानापासून नारायणगावच्या जीपवाल्यांपर्यंत एक माणूस सोडला नव्हता. तिकडं संध्याकाळी मॅच, म्हणजे आपल्याकडं सकाळ. घरचे सगळे टोमॅटो तोडायला वाकलेले आणि माझा मोबाईल रिकाम्या क्रेटला टेकवून उभा. आई म्हणायची, ह्याची तिकडं कुणाशी सोयरीक जमतीय का बघा, निदान घरातून जाईल तरी.

ह्या टीमची हिस्ट्री अशी, की माझ्या आजोबांच्या तरुणपणी ती चॅम्पियन होती. जुन्या ब्लॅक अँड व्हाइट व्हिडिओत त्यांचा एक उंच गडी नुसता हात वर करून उभा राहतो आणि बॉल आपणहून त्याच्याकडं येतो. मग ते खेळाडू म्हातारे झाले, मालक बदलले, आणि टीम हरायला लागली. लई वर्षं हरली. मधे एकदा फायनलला गेली आणि तिथंही हरली. मी बघायला लागलो, म्हणजे आठवी-नववीत असताना, तेव्हा त्यांनी एक डोकं लावलं. तिकडं नियम असा आहे, की जी टीम तळाला राहते, तिला पुढच्या वर्षीच्या नव्या पोरांमधून आधी निवडायचा चान्स जास्त असतो. मग ह्यांनी आपले चांगले चांगले खेळाडू दुसऱ्या टीमांना देऊन टाकले आणि ओळीनं काही सीझन हरत बसले. मुद्दाम! तोंडानं कुणी कबूल करत नाही, पण सगळ्यांना माहीत असतं. त्यातूनच त्यांना एक सडपातळ पोरगा मिळाला, आणि काय पोरगा आहे राव. आता गेले दोन-तीन सीझन टीम प्लेऑफला, म्हणजे बाद फेरीला, जातीय. मागच्या वेळी त्याचा गुडघा गेला नसता तर, जाऊ दे.

मला हे सगळं लई भारी वाटायचं. हरायला पण डोकं लागतं, असं मी लोकांना ऐकवायचो.

माझी धाकटी बहीण शाळेच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन होती. तिच्या खेळाच्या सरांचा हात खो-खोत बसलेला. बास्केटबॉलचं ते मोकळेपणानं म्हणायचे, "ह्यातलं तुझ्या दादाला जास्त कळतं." म्हणून जुन्नर-आंबेगावच्या शाळांची स्पर्धा लागली तेव्हा त्यांनी मला बाकावर बसायला बोलावलं. मी नवा टी-शर्ट घालून गेलो. गळ्यात शिट्टी पण होती, तिचं काहीच काम नव्हतं तरी.

बहिणीला फायनल खेळायची होती. पुढं दहावी, मग खेळ बंद, हे घरात न बोलता ठरलेलंच होतं. फायनलला बाबा बघायला येतील, एवढंच ती म्हणायची.

आता झालं काय ते नीट सांगतो. स्पर्धेत दोन गट होते. आमच्या गटातून आम्ही आणि धरणाकडच्या एका गावची शाळा, दोघी सेमीफायनलला गेलेल्याच होत्या. राहिली होती आमची त्यांच्याशीच मॅच. ती जिंकेल तो गटात पहिला, हरेल तो दुसरा, एवढाच फरक. दुसऱ्या गटात सगळ्यात तगडी टीम मंचरकडची. पण त्यांची उंच पोरगी तापानं बसली होती, म्हणून त्या एक मॅच हरून दुसऱ्या आल्या होत्या. आणि आता ती पोरगी बरी होऊन आली होती. आमच्या गटात जी टीम पहिली येईल तिला सेमीफायनलमध्ये ह्या मंचरवाल्या, आणि दुसरी येईल तिला सोपी टीम.

माझ्या डोक्यात लगेच दिवा पेटला.

सर दुसऱ्या मैदानावर पंच म्हणून गेले होते. मी पोरींना गोळा केलं आणि सांगितलं, ही मॅच सोडायची. बहिणीला आधी समजलंच नाही. मग म्हणाली, "दादा, मुद्दाम?"

"अगं, प्रोफेशनल टीमा करतात," मी म्हणालो. आणि मग मी माझ्या टीमची हिस्ट्री सांगायला लागलो. पाच मिनिटं बोललो असेन. पोरी ऐकत होत्या. माझ्यावर विश्वास ठेवून ऐकत होत्या.

त्या हरल्या. धरणाकडच्या पोरी अनवाणी खेळत होत्या, दोघींच्याच पायात बूट. बहिणीनं रिंगखाली मोकळी असताना बॉल बाहेर मारला आणि तिचे कान लाल झाले. शेवटची शिट्टी झाली तशा त्या पोरी एकमेकींच्या अंगावर पडून रडायलाच लागल्या. आमच्या शाळेला त्यांनी कधी हरवलं नव्हतं. त्यांची कॅप्टन, दोन घट्ट वेण्यांची, येऊन बहिणीचा हात हातात घेऊन म्हणाली, ताई, तुमचं बघून बघूनच आम्ही शिकलो. बहीण माझ्याकडं बघत होती. मी मोबाईलमध्ये बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सेमीफायनलला धरणाकडचे लोक दोन जीप भरून आले. पोरी गटात पहिल्या आल्या म्हणून! म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया, एकानं हलगी आणली होती. मंचरवाल्यांनी त्या पोरींना अक्षरशः चिरडलं. हाफटाइमला हलगी थांबली ती परत वाजलीच नाही. एक आजोबा शेजारच्याला विचारत होते की काल तर ह्या जिंकल्या होत्या ना, मग आज काय झालं. मी तिथून दोन हातांवर उभा होतो.

आम्ही सोप्या टीमला हरवलं आणि फायनल मंचरवाल्यांशीच हरलो.

फायनलला बाबा आले होते. तोडणीवरून तसेच, टोमॅटोच्या पाल्यानं हिरवे-काळे झालेले हात घेऊन. तरुणपणी ते यात्रांच्या आखाड्यात कुस्त्या खेळलेले आहेत. रात्रीच्या जेवणाआधी मीच त्यांना प्लॅन सांगितला, थोडा कौतुकानंच, की माझ्यामुळं फायनल तरी बघायला मिळाली. ते पायरीवर बसून हात घासत होते. बराच वेळ घासत राहिले.

"आमच्यात ह्याला नुरा कुस्ती म्हणत्यात," ते म्हणाले. "आधीच ठरवून खेळायचं. घावली तर गाव दोघांला बी आखाड्याबाहेर काढायचं. पर त्यात दोघा पैलवानांला ठावं असतं रं. हितं त्या पोरींला कुठं ठावं व्हतं?"

बहीण ताटं मांडत होती, तिनं ऐकलं. त्यांच्या वाट्याची सोपी मॅच आपण घेतली, असं ती ताटाकडं बघत म्हणाली, आणि जेवली नाही.

आठवड्यानं मी तिला बाईकवर घेऊन धरणाकडच्या शाळेत गेलो. तिनंच हट्ट धरला होता. मधल्या सुट्टीत ती कॅप्टन पोरगी नळावर सापडली. बहीण बोलणार होती, पण ते काम माझं होतं, म्हणून मी एका दमात सांगून टाकलं की ती मॅच आम्ही सोडली होती, मी सोडायला लावली, चूक माझी. पाठ करून गेलो होतो. तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ती ओंजळीतलं पाणी सांडून तशीच उभी राहिली. मग मागं वळून शाळेच्या व्हरांड्याकडं बघितलं.

"हे आमच्या सरांना नका सांगू," ती म्हणाली. "आमी जिंकलो त्याचा फोटो त्यांनी फ्रेम करून लावलाय. आणि टीममधल्या पोरींना तर नकाच."

मी बरं म्हणालो. अजून काय म्हणणार? घंटा झाली आणि ती वर्गात गेली. तिला आता एकटीनंच ते माहीत असणार, टीममध्ये, गावात, रोज त्या फोटोखालून जाताना. आणि ते मीच तिच्या डोक्यावर ठेवून आलो होतो, माझं हलकं व्हावं म्हणून.

परत येताना येडगावजवळ गाडी हळू केली. मी विचारलं, आपण नव्हतं यायला पाहिजे का?

"गाडी चालव दादा," ती म्हणाली.