लेक नसल्याचा कागद

"काकू, वकिलातीतून फोन आला तेव्हा तुम्ही नेमकं काय सांगितलं?"

"जे खरं आहे तेच सांगितलं. मूलबाळ आहे का म्हणे. मी म्हटलं, नाई. मग म्हणे, तिकडे कोणाकडे चालल्या? मी म्हटलं, लेकीकडे."

मी कपाळावर हात मारला. शेजारी बसलेले काका खाली बघत होते.

वर्ध्यात माझं ट्रॅव्हलचं ऑफिस आहे. बावीस वर्षं तिकिटं आणि व्हिसाची कामं करते. आमच्याकडून लोक दुबईला जातात, सिंगापूरला जातात, नाहीतर अमेरिकेत मुलाकडे जातात. एस्टोनियाला जाणारं हे पहिलंच जोडपं. हा देश उत्तर युरोपात, बाल्टिक समुद्राकाठी आहे. एवढासा देश, त्यातही निम्मं जंगल. नाव ऐकल्यावर मी आधी नकाशा उघडला होता, हे कबूल करते.

काका समुद्रपूरला कृषी सहाय्यक होते. रिटायर झाल्यावर सावंगीला घर बांधलं आणि वरची खोली तिथल्या मेडिकल कॉलेजच्या मुलींना भाड्यानं देऊ लागले. एका वर्षी तिथं लीना नावाची एस्टोनियाची मुलगी राहायला आली. तिला हातानं सूत कातायला शिकायचं होतं. महिनाभरात ती जेवायला खाली येऊ लागली आणि मग खालचीच झाली. आठ महिने राहिली, काकूंच्या स्वयंपाकघरात मराठी शिकली, परत गेली. तेव्हापासून दर रविवारी तिचा व्हिडिओ कॉल येतो. यंदा तिनं दोघांना महिनाभर बोलावलं होतं. काकांना तिथली दलदल पाहायची होती. दलदलीवर फळ्या टाकून केलेली मैलभराची वाट असते म्हणे. काकूंना तिथलं गाणं ऐकायचं होतं, सगळं गाव एकत्र उभं राहून गातं ते.

आता चूक कुठं झाली ते सांगते. मी क्लायंटला मराठीत छापलेला प्रश्नांचा कागद देते. त्यांनी तो घरी निवांत भरून आणायचा आणि मी ऑनलाइन फॉर्ममध्ये इंग्रजीत चढवायचा. ‘बोलावणाऱ्याशी नातं’ या प्रश्नापुढे काकांनी लिहिलं होतं, मुलगी. मी ‘डॉटर’ टाइप केलं. त्याच्या वर ‘अपत्ये’ या रकान्यात ‘नाही’ होतं. तेही मीच टाइप केलं. दोन्ही माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मला काही खटकलं नाही. आमच्याकडे कोणाला खटकलं असतं? मला स्वतःला तीन काका आणि दोन मामा असे आहेत ज्यांच्याशी आमचं रक्ताचं काडीचं नातं नाही.

व्हिसा अधिकाऱ्याला माणूस दिसत नाही, कागद दिसतो. एका कागदाचं दुसऱ्याशी जुळलं नाही, की त्याला शंका घ्यावीच लागते. त्यात त्याची चूक नव्हती. फॉर्म म्हणत होता मुलगी, रकाना म्हणत होता मूल नाही आणि लीनानं पाठवलेल्या निमंत्रणात लिहिलं होतं, ‘माझे जवळचे फ्रेंड्स’. ई-मेल आला होता की तीन दिवसांत लेखी खुलासा द्या. नाही दिला तर व्हिसा नाकारणार आणि एकदा नकार पडला की पुढच्या प्रत्येक फॉर्मवर तो सांगत बसायचा.

खुलासा लिहिणं माझ्या हातचा मळ. पाच मिनिटांत प्रिंट काढली आणि काकूंपुढे पेन ठेवलं.

"काय लिहिलं, मले मराठीत सांग."

"आमचं आणि लीनाचं कोणतंही नातं नाही. अर्जातला उल्लेख चुकीनं झाला."

काकूंनी पेन उचललंच नाही. "मग मी नाई जात."

माझं तोंड मुळातच फटकळ. म्हटलं, "काकू, हा कागद आहे, लग्नाची पत्रिका नाही. करा सही अन मोकळ्या व्हा."

"तुले म्हणाले काय जाते? उन्हाळा लागला का आमच्या गल्लीतल्या साऱ्या बाया लेकीकडे जातेत. समुद्रपूरले काय अन इथं काय, चाळीस वर्सं मी शेजारणीइच्या कुंड्याइले पाणी घातलं. यंदा पयल्यांदा मायाच कुंड्या त्याइच्या हवाली करून राह्यली. अन तू मले लिहून द्याले लावते का लेक नाई?"

काका हळूच म्हणाले, "मीच लिहिलं थे, संध्या. लिहिता लिहिता हात थांबलाच नाई."

"अन तिनं काय लिहिलं?" काकूंनी विचारलं. मी सांगायला नको होतं, पण सांगितलं. फ्रेंड्स. काकूंनी पदर डोळ्याला लावला. फाइल हातची गेली असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी फाइलपेक्षा त्यांचंच जास्त वाईट वाटलं.

मग मी माझ्या फोनवरून लीनाला व्हिडिओ कॉल लावला. कुठल्याशा शेतात उभी होती. वाळल्या गवताच्या रंगाची वेणी, डोक्याला रुमाल.

"आई, काऊन रडून राह्यली?"

मी चाटच पडले. पोरीनं मराठी उचलली होती ती काकूंच्या चुलीपाशी बसून, हे ऐकल्याबरोबर कळलं.

"तू मले फ्रेंड लिहिलं," काकू म्हणाल्या.

"लिहिलं. मुलगी लिहिलं असतं तर त्यांनी दाखला मागितला असता. थो माह्याजवळ नाई. मले तू इथं पाह्यजे, आई. कर सही. जंगलात स्ट्रॉबेरी पिकून राह्यल्या, थांबत नाई त्या."

काकूंनी नाक पुसलं आणि सही केली. मात्र त्याआधी मला एक ओळ वाढवायला लावली, की आमच्या भागात अशा मुलीला मुलगीच म्हणतात. त्याखाली मी माझी ओळ घातली, अर्जातली चूक एजंटची आहे. बावीस वर्षांत असं वाक्य मी पहिल्यांदा लिहिलं.

आठवड्यात व्हिसा आला. जायच्या आधी मी काकूंची तयारी करून घेतली. विमानतळावर विचारलं तर सांगायचं, टुरिझम, नेचर अँड कल्चर. कोणाकडे विचारलं तर, फ्रेंड. काकूंनी ते कडू काढ्यासारखं घशाखाली उतरवलं.

परतल्यावर दोघं पेढे घेऊन ऑफिसात आले. काका फक्त दलदलीबद्दल बोलले. "माती नाईच तिथं. शेवाळावर शेवाळ. पाय ठेवला का जमीन डुलते. मी थे हातात घेऊन पिळलं, संध्या, ओंजळभर पाणी निघालं." काकूंनी जुन्या घरांचं म्युझियम सांगितलं, तिथंही एकाच छपराखाली माणसं आणि गुरं राहत होती म्हणे. गावाचं गाणं ऐकताना शब्द एकही कळला नाही आणि रडू मात्र आलं. लीनाच्या आईबरोबर अंगणात बसून टोपलीभर मटार सोलले. एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी दुपार सरली.

"अन विमानतळावर काही त्रास?" मी विचारलं.

काकूंचा चेहरा पडला. "काचेमागच्या पोरानं इचारलं, कोणाकडे आल्या? तू शिकवलं तसंच म्हटलं, फ्रेंड. त्यानं हासून ठप्पा मारला. परक्या देशात पाय ठेवला अन पयलंच खोटं बोलली मी. तुया पायी."

माझ्या फाइलमध्ये कधी खोटी माहिती जात नाही, असं मी क्लायंटला अभिमानानं सांगत असे. आता सांगते, एकदा गेली आहे.