चौथ्या क्रमांकाची मालिका

कुमुदताई हर्डीकर गेल्या त्याला आता सहा आठवडे झाले. बातमी त्यांच्या भाचीने, मुग्धाने, फोनवर दिली. सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी मेथी निवडत होते. रडू आलं नाही. मला जे आलं ते तेराव्या दिवशी आलं... आणि तो संताप होता. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीच्या हॉलमध्ये आम्ही तीस-पस्तीस मराठी माणसं शोकसभेला जमलो होतो. एका गृहस्थांनी उभं राहून सांगितलं, की कुमुदताई मोठ्या हौशी, त्यांना टीव्ही बघण्याचा फार शौक, दर वर्षी आवडत्या मालिकांची क्रमवारी लावून त्या आम्हा सगळ्यांना पाठवत. लोक हसले. प्रेमानेच हसले. मग दोन मिनिटं शांतता पाळली, चहा झाला आणि सगळे घरी गेले. टीव्ही बघण्याचा शौक. ज्या बाईने या देशाला सहा महिने दर आठवड्याला हसवलं, तिच्याबद्दल शेवटचं वाक्य हे. मी मागच्या रांगेत बसून होते आणि उठून बोलले नाही. या संतापातला निम्मा वाटा माझा माझ्यावरच आहे, हे आधीच सांगून टाकते.

आमची ओळख एका मंत्रालयाच्या हिंदी विभागातली. त्या अनुवादक, मी टायपिस्ट. मी नगरची, लग्न होऊन दिल्लीला आलेली; माझं हिंदी ऐकून डाकखान्यातला बाबूसुद्धा हसायचा. कुमुदताई नागपूरच्या, त्यामुळे त्यांना हिंदी आईच्या दुधाबरोबर नाही तरी शेजारणीच्या चहाबरोबर मिळालेलं. लग्न केलं नव्हतं. सरकारी क्वार्टरमध्ये त्या आणि त्यांची म्हातारी आई. आईंना दिल्लीत वीस वर्षं काढूनही हिंदी येत नव्हतं. त्या मराठीच बोलायच्या, फक्त शेवटी एक ‘है’ लावायच्या, आणि भाजीवाल्याला ते समजायचं.

क्रमवारीचा खेळ तेव्हापासूनचा. हिवाळ्यात जेवणाच्या सुट्टीत सगळं ऑफिस हिरवळीवर उन्हात येऊन बसायचं. शेंगा सोलता सोलता कुमुदताई आदल्या आठवड्यातल्या मालिकांचा निकाल लावायच्या. त्यांचे नियम कडक होते. ज्या मालिकेत वर्षभरात कुणी एकदाही भांडी घासली नाहीत, तिला पहिल्या दहात जागा नाही. ज्या विनोदी मालिकेत हसं फक्त मोलकरणीचं होतं, ती बाद. आणि रडण्याच्या प्रसंगाला मागून व्हायोलिन वाजलं, तर दोन पायऱ्या खाली. ‘माणूस रडतोय हे मला कळतंय, वाजवून काय सांगता?’ असं त्या म्हणायच्या. एक फाळणीनंतरच्या कुटुंबाची गंभीर मालिका कित्येक वर्षं त्यांच्या पहिल्या क्रमांकावर होती. तिच्यातल्या आजोबांच्या मौनावर त्या अर्धा तास बोलायच्या. हा शौक नव्हता. सुतार दुसऱ्याच्या घरात गेला की खुर्ची उलटी करून सांधे बघतो, तसं ते बघणं होतं.

हिंदी पंधरवड्यात ऑफिसच्या कार्यक्रमासाठी त्यांनी वीस मिनिटांची नाटिका लिहिली. परीक्षक म्हणून एक मालिकानिर्माते आले होते. त्यांचं नाव इथे छापता येणार नाही, असं या अंकाच्या संपादकांनी कळवलं आहे. इतकी वर्षं कुमुदताईंचं नाव छापता येत नव्हतं, आता यांचं येत नाही. नाटिका संपल्यावर ते आमच्या खोलीत आले आणि मालिका लिहाल का, असं त्यांनी कुमुदताईंना विचारलं. पुढच्याच हिवाळ्यात ‘टाइप तीन’ नावाची विनोदी मालिका सुरू झाली. टाइप तीन म्हणजे कारकुनांना मिळणारा मधल्या दर्जाचा सरकारी क्वार्टर. त्या मालिकेच्या सव्वीस भागांपैकी एकोणीस कुमुदताईंनी लिहिले. मला हे ठाऊक आहे, कारण ते मी टाइप केले. साडेपाचला खोली रिकामी झाली की सरकारी यंत्रावर, सरकारी कार्बन लावून. त्यासाठी कुणाला माझी पेन्शन थांबवायची असेल, तर त्यांनी खुशाल थांबवावी.

नाव द्यायचा प्रश्न पहिल्याच दिवशी आला. मी समोर होते. निर्माते अगदी हळू, काळजीच्या स्वरात म्हणाले, “देखिए कुमुदजी, आप सरकारी मुलाज़िम हैं. नाम आया तो इन्क्वायरी बैठेगी. माताजी को लेकर कहाँ जाएँगी?” नोकरी गेली तर क्वार्टर जाणार, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. मग म्हणाले, “कार्बन कॉपी भी मुझे दे दीजिए. आपके पास मिली तो तकलीफ़ आप ही को होगी.” आणि ते कागद दर शनिवारी त्यांच्या ऑफिसात नेऊन देणारी मीच. एकही प्रत मी ठेवली नाही. निवृत्तीच्या कागदपत्रांसाठी नियमांचं पुस्तक चाळताना आम्हाला कळलं, की रीतसर अर्ज केला असता तर परवानगी मिळू शकली असती. कुमुदताईंनी ते पान दोनदा वाचलं, पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, “चल, कँटीन बंद होईल.”

त्या मालिकेत एक आजी होती. ती घराला सतत काहीतरी सुनावायची. सुनेने फुशारकी मारली, की आजी म्हणायची, ‘नाक से प्याज मत छील.’ सगळी दिल्ली ते वाक्य बोलू लागली. बसमधला कंडक्टर बोलायचा, माझ्या मुलाचे मास्तर बोलायचे. हिंदीत अशी म्हण नाही हे कुणाच्या लक्षातच आलं नाही. नाकाने कांदे सोलणारी माणसं आपल्या मराठीतली. ती आजी म्हणजे कुमुदताईंची आई होती, ‘है’ लावण्याच्या सवयीसकट. आई ती मालिका बघायच्या आणि म्हणायच्या, ही म्हातारी फार आगाऊ आहे.

कुमुदताईंच्या क्रमवारीत ‘टाइप तीन’ कधीच नसायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, “घरच्या पोराला पहिला नंबर देणाऱ्या मास्तरणीला शाळेतून काढतात, एस्तेर.” मी तो विनोद समजून सोडून दिला.

गेल्या वर्षी ती मालिका इंटरनेटवर आली. निर्मात्यांच्या मुलाची नोएडात कंपनी आहे, तिने आणली. सुरुवातीची नावं नव्याने केली होती: लेखन, वडिलांचं, दिग्दर्शन, वडिलांचं. सोबत त्यांची मुलाखत. आम्ही दोघींनी ती कुमुदताईंच्या घरी बघितली. कांद्याच्या वाक्याबद्दल विचारल्यावर ते गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, “मेरी दादी लाहौर में यही कहा करती थीं.” कुमुदताईंनी रिमोट उचलून टीव्ही बंद केला. “कमाल आहे,” त्या म्हणाल्या, “आई साधी मेरठलासुद्धा गेली नाही कधी.”

मी चिडून म्हटलं, आपण काहीतरी करायला हवं. त्यांनी माझ्याकडे बघितलं... फार थकलेलं बघणं होतं ते. “तू कर. मी गेल्यावर कर. आत्ता मला चहा दे.” मी चहा केला. तेवढंच केलं.

शेवटची भेट त्या जायच्या आठ दिवस आधीची. बोलताना धाप लागत होती, पण वर्षाची क्रमवारी द्यायचीच होती. मी लिहून घेत होते. पहिली ती फाळणीची. दुसरी एका बुटक्या वकिलाची विनोदी मालिका. तिसरी एका इस्पितळातल्या परिचारिकांची. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “चौथी, टाइप तीन.”

“आज कशी काय आली?”

“आता कोण इन्क्वायरी बसवतंय.”

“मग चौथी का? पहिली म्हणा.”

“पहिल्या तीन खरंच चांगल्या आहेत गं,” त्या म्हणाल्या. “आणि आपले शेवटचे चार भाग ढिले पडलेत. आई आजारी होती तेव्हा.”

शोकसभेनंतर तीन दिवसांनी मी मेट्रोने नोएडाला गेले. निर्माते भेटले नाहीत, तब्येत बरी नसते म्हणे. मुलगा भेटला. सभ्य आहे, चाळिशीतला, मला पाणी दिलं. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आंटी, आपके पास कुछ लिखा हुआ है?” मी म्हटलं, “लिखा हुआ सब आपके पिताजी ले गए. मैं ही देकर आई थी.” नाकाने कांदे सोलण्याचा अर्थ समजावला. मराठीच्या कुठल्याही शिक्षकाला विचारून बघ म्हटलं. त्याने ती म्हण एकदा पुटपुटून बघितली आणि मला वाटलं, पोरगा वळतोय. मग म्हणाला, की लेखक म्हणून नाव देणं कायद्याने अवघड आहे, पण शेवटी ‘विशेष आभार’ म्हणून त्यांचं नाव टाकू शकतो. आता फक्त टाइप करायचंच बाकी असल्यासारखं त्याने लॅपटॉप पुढे ओढला. “स्पेलिंग बता दीजिए.”

मी नाही म्हटलं. “आभार तो चाय पिलानेवाले का मानते हैं, बेटा. उन्होंने लिखा था.” आणि उठले. परतीच्या गाडीत माझ्या मनात आलं, निदान नाव तरी आलं असतं. मी नाकारणारी कोण? कुमुदताई असत्या तर कदाचित हसून हो म्हणाल्या असत्या. कदाचित नाही. याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, आणि ते विचारायला माणूस उरलेलं नाही, याचाही मला रागच येतो. म्हणून हे इथे लिहिते आहे: ‘टाइप तीन’चे एकोणीस भाग कुमुद हर्डीकर यांनी लिहिले. शोकसभेत हसलेल्या प्रत्येकाने हे वाचावं.

परवा मुग्धाने घर आवरायला बोलावलं. बैठकीच्या खोलीत कुमुदताईंची खुर्ची होती तशीच होती, टीव्हीकडे पाठ करून. नवीन माणसाला ते विचित्र वाटायचं. त्या मालिका बघत नसत, भिंतीकडे तोंड करून ऐकत. लिहिलेलं कानाला कळतं, चेहरे मधे येतात, असं म्हणायच्या. फक्त शेवटी नावं सुरू झाली, की मान वळवून ती अगदी शेवटच्या नावापर्यंत वाचायच्या. मेकअपवाला, चहावाला, ड्रायव्हर, सगळे. मुग्धा खुर्ची उचलून बाल्कनीत न्यायला निघाली, तर मी तिला थांबवलं आणि त्यात बसले. तिने टीव्ही लावला, कुठलीशी मालिका चालू होती. मी भिंतीकडे बघत ऐकलं. भाग संपला आणि मी वळले, तर नावं एका कोपऱ्यात आकसून गेली होती आणि पडद्यावर पुढचा भाग सुरू होण्याचे सेकंद उलटे मोजले जात होते, पाच, चार, तीन.

“मुग्धा,” मी म्हटलं, “मागे घे. नावं राहिली.”