मूठभर आहेत तोवर

नाना चिंचोके मोजत नसत. तळहाताच्या कडेने समोरची सगळी रास चटईवरून पुढे लोटत, "हे घ्या, सगळेच," म्हणत आणि तंबाखू मळायला लागत. समोरच्याकडे बघतसुद्धा नसत. त्याने एक तर तेवढेच चिंचोके टाकायचे, नाहीतर पत्ते खाली ठेवायचे. आणि भले भले पत्ते ठेवत. मागून उलटून बघावं तर नानांच्या हातात दुर्री, पंजी, सत्ती असलं काहीतरी निघायचं, मेलं!

सालवडच्या आमच्या चाळीत श्रावणातल्या एका रविवारी दुपारी तीन पत्तीची स्पर्धा व्हायची. पैसे नाहीत हं. सगळ्यांना सारखे चिंचोके, संपले की उठायचं, शेवटी उरेल त्याला केळ्यांचा घड. प्रत्येक डावाच्या आधी सगळ्यांनी थोडे चिंचोके मध्ये टाकायचे, आणि दुपार सरेल तसतसे जास्त टाकायचे. म्हणजे नुसतं गप्प बसलं तरी रास कमी होतच जायची. हा नियम नानांचा. ते मूळचे मुरब्याचे, बोईसरला कापडाच्या कारखान्यात रंगखात्यात कामाला, आणि आमच्या भिंतीला लागून त्यांची खोली. मी लग्न होऊन तिथे आले तेव्हा माहेर उमरोळीला, हाकेच्या अंतरावर. तरी मला सारखं रडू यायचं. नानांनीच मला ओढून खेळायला बसवलं. "सूनबाय, रडाचा तर हरल्यावर रड. ये इकडं."

मी पडले भित्री. चांगले पत्ते येतील म्हणून थांबायचे, थांबायचे, आणि शेवटी खरंच तीन गुलाम आले तेव्हा माझ्यापुढे दोन चिंचोके! जिंकून मिळणार काय, कपाळ? नाना पोट धरून हसले. "आता काय करशील त्या गुलामांचा? लोणचा घालशील?" मग जवळ सरकून समजावलं, "हे बघ. मूठभर हायत तवर समोरचा घाबरतो. चिमूटभर उरले का त्याला गंमत वाटते, तो बघतोच. म्हनून टाकायचे ते मूठ हाय तवर. पत्ते बरे आले तर बरा, नाय आले तरी टाकायचे."

पुढे काही वर्षांनी नानांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. उजवा डोळा कळायच्या आतच गेला होता. डाव्यानेही नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढंच दिसायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: ऑपरेशन केलं तर आहे तेवढं टिकेल, किंवा आहे तेही जाईल. नाही केलं तर हळूहळू जाणारच आहे. आणि नेमकं मार्गशीर्षात त्यांच्या शैलाचं लग्न ठरलेलं.

काकी, म्हणजे नानांची बायको, हात जोडून म्हणाल्या, "पोरीचा लगीन तेवढा डोळ्यांनी बघा. मग जा जायाचा तिथं."

"तवर चिमूटभर राहील गं. मग डाक्तर तरी काय वाचवील?"

"आन आताच गेला तर?"

"गेला तर गेला. माझ्या हातानं टाकून जाईल. गळून नाय जायाचा."

मी काकींच्या बाजूची. चिडूनच म्हटलं, "नाना, डोळा म्हणजे काय चिंचोका आहे?"

"चिंचोके परत वाटतात, सूनबाय," नाना हळूच म्हणाले. "मला काय ठाऊक नाय?"

ऑपरेशनला मुंबईला निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी चाळीतल्या एकेकाला ओट्यावर उजेडात उभं केलं. मला तर चांगलं ताटकळत ठेवलं. त्या एवढ्याशा नळीत अख्खा चेहरा मावत नव्हता, म्हणून मान वरखाली करत आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी असं त्यांनी मला बघून घेतलं. शैलाला लग्नाचा शालू नेसवून उभी केली होती. तिच्यापुढून ते हलेचनात. शेवटी काकीच म्हणाल्या, "चला, गाडी जाईल."

पट्टी सुटली आणि अंधारच निघाला.

काकींनी "जुगारी मेला" म्हणून आकांत केला, आणि स्वतःच्या हाताने त्यांना भात भरवला. लग्नात नानांनी अक्षता टाकल्या त्या भलत्याच बाजूला, बँडवाल्यांच्या अंगावर. मी धरून त्यांचं तोंड मांडवाकडे वळवलं. माझ्या डोळ्यांना धार लागलेली. म्हटलं, "नाना, थांबला असतात तर..."

"तर आज दिसली असती. व्हय, दिसली असती," ते म्हणाले. "पन खेळलो बरोबर गं. पान नाय आला."

पुढे आम्ही पालघरला राहायला गेलो. तरी सणावारी जायचे मी त्यांच्याकडे. नाना पावलांवरून मला ओळखायचे, जवळ बसवायचे आणि काकींना सांगायचे, "आली बघ आपली भित्री पोर." एकदा मीच म्हटलं, "नाना, पोर कसली! केस पिकले माझे, चष्मा लागला, दोन दाढा पडल्या."

"ते तुझा तू बघ," नाना म्हणाले. "माझ्याकडं त्या दिवशी उभी होतीस तशीच हायस. शैला पन अजून शालूतच हाय."

नाना जाऊन आता बरीच वर्षं झाली. आठवण येते हो, फार येते. आरशापुढे केस विंचरताना तर हमखास येते. मला म्हातारी झालेली न पाहिलेला तेवढा एकच माणूस होता. काळ्याभोर केसांची, ओट्यावर उजेडात उभी असलेली ती मी फक्त त्यांच्याजवळ उरले होते, आणि जाताना ते तिलाही घेऊन गेले.