पाय कुठून सुरू होतो

फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही, पाय मात्र कळतात. नवऱ्याच्या व्हिसावर इथे आले, डच शिकले, पुण्याची फिजिओची डिग्री इथे मान्य करून घेताना नाकी नऊ आले आणि शेवटी रॉटरडॅमजवळच्या एका लहानशा व्यावसायिक क्लबात लागले. तिथे तो भेटला. त्रिनिदादचा डिफेंडर, उंचापुरा, चोविशीचा, बोलायला भिडस्त. उन्हाळ्यात त्याचा करार संपणार होता. उरलेल्या सामन्यांत खेळून दाखवलं तर मुक्काम, नाहीतर परतीचं विमान, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एके दिवशी तो क्लबच्या डॉक्टरांकडे गेला आणि म्हणाला, "माय फूट हर्टिंग मी." डॉक्टरांनी बूट-मोजे काढायला लावले, तळवा दाबला, घोटा फिरवला, पावलाचा स्कॅन काढला. काही सापडलं नाही. कोचने लगेच निकाल दिला की दुखणं डोक्यात आहे, बेटांवरची मंडळी जरा आरामशीरच असतात. हे तो माझ्यासमोर हसत हसत म्हणाला. मला हसू आलं नाही, पित्त खवळलं.

त्याच आठवड्यात तो पोरगा माझ्या टेबलावर पालथा झोपला. कुठे दुखतंय, विचारलं. "फूट," म्हणाला, आणि हात मागे नेऊन मांडीवर ठेवला, अगदी वरती. तिथे बोट टेकताच कळवळला. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हा 'पाय' म्हणतोय! आपल्याकडे कंबरेखाली नखापर्यंत सगळा पायच. माझी आई गुडघ्याला तेल चोळतानाही 'पाय दुखतायत' म्हणते. त्याच्या गावच्या इंग्रजीतही तसंच, फूट म्हणजे अख्खा पाय.

"मग डॉक्टरांना सांगितलं का नाहीस, वर दुखतंय म्हणून?"

"ते डॉक्टर आहेत, मिस. मला वाटलं, ते खालून सुरुवात करत असतील."

आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला! मी तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले, मांडीचा स्कॅन करा म्हटलं. त्यांनी स्क्रीनवरून मानही वळवली नाही. "तो फूट म्हणाला होता. फूट म्हणजे फूट. शुक्रवारची मॅच होऊ दे, मग बघू." कोचकडे गेले, तर तो म्हणाला, तू मसाज कर. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणतो, "तू कशाला मध्ये पडतेस? तुझं स्वतःचं प्रोबेशन चालू आहे ना?" त्याच्याशी मी दोन दिवस बोलले नाही.

शुक्रवारी मॅचआधी त्या पोराला म्हटलं, "तू खेळू नकोस, बाबा." तो बुटाची नाडी बांधत म्हणाला, "नाही खेळलो तर आळशीच ठरेन, मिस."

उत्तरार्धात एक लांब चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला. तो वळला, धावला, आणि मध्येच मांडी धरून कोसळला. नाटक करतोय असं वाटून लोकांनी शिट्ट्या मारल्या. आमच्याच लोकांनी. बर्फाची पिशवी घेऊन धावताना मी मराठीत जे काही बोलले ते आईने ऐकलं असतं तर माझं थोबाड फोडलं असतं. मांडीमागचा स्नायू हाडापासून सुटला होता.

सोमवारी कोचच्या खोलीत त्याला सांगण्यात आलं की करार वाढणार नाही. कुबड्या मांडीवर आडव्या ठेवून तो ऐकत होता. वर कोचने विचारलं, "एवढं दुखत होतं, तर लपवलंस का?" माझा तोल गेला. मी डचमध्ये ओरडलेच की त्याने काही लपवलं नाही, तुम्ही भलतीकडे बघत बसलात. डॉक्टर चष्मा पुसत म्हणाले, असं होतं कधीकधी.

मग कोचने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने सल्ला दिला. पुढच्या क्लबात जाण्याआधी इंग्रजीचा एखादा क्लास लाव, संवाद फार महत्त्वाचा असतो.

त्या खोलीत जन्मापासून इंग्रजी बोलणारा तो एकटाच होता. बाकी आम्ही सगळे पुस्तकातून शिकलेले.

त्याने मान डोलावली. "थँक यू, कोच," म्हणाला. आणि मला त्याचाही राग आला.