एकटीचं भरलेलं पोट

सुरतेत लिंबायतला शोभाबाईंची खानावळ आहे. पुढे पत्र्याखाली बाकडी, मागे स्वयंपाकाची जागा. आसपासच्या लूमच्या खात्यांमध्ये, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यांमध्ये, पाळी सुटली की माणसं जेवायला येतात. बरीचशी ओडिशाकडची, थोडी आपली खानदेशी. सुंदरा तिथे भाज्या चिरायला लागली त्या दिवशी शोभाबाईंनी तिला एवढंच सांगितलं, की इथे बसून पोटभर जेव, तुझ्या ताटाकडे कोणी बघणार नाही. पण दाराबाहेर पोळीचा तुकडाही जायचा नाही.

सुंदराला त्यात वावगं काही दिसलं नाही. घरी तेव्हा जेमतेम का होईना दोन वेळचं शिजत होतं, आणि नवऱ्याला आज ना उद्या काम लागेल असं सगळ्यांनाच वाटत होतं.

नवरा, भाईदास, लग्नाआधीपासून लूमवर. शिंदखेड्याकडून सुरतेला आला तो थेट खात्यातच उभा राहिला, आणि त्या खडखडाटात त्याचे कान अर्धे गेले. मग मालकाने जुने लूम भंगारात काढले आणि शहराबाहेर नव्या, जोरात पळणाऱ्या मशीनी बसवल्या. त्यांच्यावर तरणे कारागीर घेतले. भाईदास कुठे कुठे फिरला. इच्छापोरला ठेकेदाराने त्याला वय विचारलं आणि पुढचं काही विचारलंच नाही. कापड मार्केटात गठ्ठे उचलायला गेला, तर कंबर धरून परत आला. गावी धाकटा भाऊ राघो होता. पण थोड्याशा कोरडवाहूत त्याचंच भागत नव्हतं, आणि सुरतेला गेलेला थोरला बायको-पोरीसकट दारात येऊन उभा राहिला, तर त्याच्या घरात काय होईल हे कोणी सांगायला नको होतं. त्यांची म्हातारी आई, रंभाबाई, ती तर इकडेच होती.

गावाकडची वाट बंद, आणि इथे हाताला काम नाही. सुंदराच्या पगारातून खोलीचं भाडं आणि लाइटबिल जायचं. मागे जे राहील त्यात चौघांनी खायचं.

तेव्हापासून सुंदरा आहे ते खाणं पुरवून वाढायला शिकली. ज्वारी महाग झाली म्हणून भाकरी आधीच सणासुदीची गोष्ट झाली होती. म्हातारीला त्याचं फार नवल वाटायचं. तिच्या काळी ज्वारी गरिबाची आणि गहू पाहुण्यांचा. आता घरात तुकडा तांदूळ यायचा, दुकानातून कोंबड्यांसाठी नेतात तोच. तो सुंदरा पाणी जास्त घालून मऊ शिजवायची, म्हणजे वाढताना ताट भरलेलं दिसे. डाळीचं वरण इतकं पातळ, की चिंच आणि मिरची नसती तर ते नुसतं पिवळं पाणीच. मूठभर बेसन असलं की डुबुक वड्या. लसणाची खमंग फोडणी, तिखट-मिठाचं उकळतं पाणी, त्यात पिठाचे छोटे छोटे गोळे सोडायचे. रस्सा भरपूर आणि वड्या मोजक्या. पळीने ढवळताना ती वड्या चैतालीच्या वाटीकडे वळवायची आणि चैताली, तिची पोरगी, त्या हळूच आजीच्या वाटीत टाकायची. आजी म्हणायची, "पोरीले दे, मन्हं पोट भरेल शे." वाटी अशी फिरत राहायची. सुंदरा म्हणायची, मी तिकडे जेवून आले, आणि ते खरंच होतं.

तेच तिला पुढे डाचायला लागलं. एका दुपारी ती केस विंचरत बसली होती, तेव्हा रंभाबाई तिच्याकडे बघत म्हणाली, "तुन्हं तोंड भरी ऊनं व, सुंदरा."

म्हातारीच्या बोलण्यात खोच नव्हती. सुनेचं बरं चाललंय याचं तिला समाधानच वाटलं असेल. पण सुंदराने आरशात पाहिलं आणि तिला ते दिसलं. गाल भरले होते, त्यांवर तकाकी आली होती. समोर चैताली अभ्यास करत होती आणि तिच्या हातातली बांगडी कोपराकडे घसरली होती. आठवीपर्यंत पोरीला शाळेत दुपारचं जेवण मिळायचं. नववीत गेली आणि ते बंद झालं. तेव्हा घरी त्याचं कोणाला काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून सुंदराने खानावळीत जेवणं सोडलं. घरचे खातात तेवढंच आपण खायचं, असं तिने ठरवलं. त्याने घरच्यांना एक घासही जास्त मिळणार नव्हता, उलट त्यांच्यातलाच कमी होणार होता, हे तिला कळत होतं. तरी भरल्या पोटाने घरी जाणं तिला नको झालं होतं. थोडे दिवस निभावलं. मग एकदा कोबी चिरताना तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि विळीवर बोट गेलं.

शोभाबाईंनी हळद दाबली, फडकं बांधलं आणि तिला ताटावर बसवलं. म्हणाल्या, इथे मला उपाशी बाई चालायची नाही. तेव्हा सुंदराने विचारलं, की मावशी, माझं ताट मी घरी नेऊ का? मी इथे नाही जेवणार, त्याच्या बदल्यात.

शोभाबाई विधवा बाई. नवऱ्यामागे खानावळ त्यांनी एकटीने चालवली होती, आणि खाती बंद पडत चालल्यापासून त्यांचीही बाकडी रिकामी राहायला लागली होती. त्या तिच्यासमोर बसल्या.

"तुला हो म्हटलं तर कणीक मळणाऱ्या अश्विनीला नाही कसं म्हणू? तिच्याही घरी पोरं आहेत. आणि आज ताट जाईल, उद्या डबा जाईल. मी कोणाकोणाच्या डब्यात बघत बसू?" मग त्या म्हणाल्या, "तू खा. तू पडलीस तर तुझ्या घरात चूल कोण पेटवेल?"

त्यांचं काही चुकलं असं सुंदराला म्हणता येईना. ती मान खाली घालून जेवली.

खानावळीच्या मागच्या दाराशी एक टोपली असायची. भाज्यांच्या साली, देठं, पाला, सगळं त्यात पडायचं आणि संध्याकाळी एक शेळ्यावाली येऊन घेऊन जायची. सुंदराचं लक्ष आता त्या टोपलीकडे गेलं. ते न्यायला तिने परवानगी मागितली. शोभाबाई म्हणाल्या, ने, त्याला माझी ना नाही. शेळ्यावालीला त्यांनी निम्मंच ने म्हणून सांगितलं.

मग घरी जरा स्वयंपाकाचे वास यायला लागले. दुधीच्या साली बारीक चिरून, कुरकुरीत परतून, तिळाबरोबर वाटलेली चटणी. फ्लॉवरचा पाला आणि कोवळी दांडी बेसन पेरून. मटाराच्या टरफलांचा आतला पापुद्रा नखाने सोलून काढला की उरतं ते गोडसर लागतं. ते बटाट्याच्या साली घालून रश्श्यात. मुळ्याचा पाला म्हणजे तर मेजवानीच. रंभाबाईलाही जुन्या दुष्काळातल्या गोष्टी आठवायला लागल्या. कोणता पाला आधी उकळून पाणी फेकायचं, कशाला चिंच लागते, कशाला नाही, हे ती खाटेवरून सांगायची. बऱ्याच दिवसांनी तिचं कोणीतरी ऐकत होतं.

भाईदासला हे कुठून येतं ते माहीत नव्हतं. बाजार उठताना स्वस्तात मिळतं, असं त्याला वाटायचं. मग एका संध्याकाळी तो खानावळीजवळून येत होता आणि त्याने शेळ्यावालीला आणि सुंदराला एकाच टोपलीवर वाकलेलं पाहिलं. दोघी वाटणी करत होत्या.

घरी जेवायला बसल्यावर त्याने ताट पुढे सरकवलं. कानांमुळे त्याला मोठ्याने बोलायची सवय होती, पण त्या वेळी तो हळू बोलला.

"ढोरांचं खाणं आहे हे."

 चैतालीचा हात तोंडापाशी थांबला होता. रंभाबाईने मुलाचं ताट आपल्याकडे ओढलं, त्यातला पाला आपल्या आणि नातीच्या ताटात अर्धा अर्धा केला आणि जेवायला लागली. "खाऊ दे पोरीले," एवढंच ती म्हणाली. "अन्न शे ते."

भाईदास उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. दुसऱ्या दिवशी तो जेवला. जेवताना त्याने कोणाकडे पाहिलं नाही. पुढच्याच आठवड्यात त्याने डिंडोलीला एका बांधकामावर वॉचमनचं काम धरलं, जे त्याने आधी दोनदा नाकारलं होतं. लूमचा कारागीर दारावर बसणार नाही, असं तो म्हणायचा. तिथला पगार असा की म्हातारीचं औषध आणि त्याचा रिक्षाचा खर्च निघे, आणि बाकी फारसं काही नाही.

मग सुंदराच्या हातून एक गोष्ट व्हायला लागली. ठरवून नाही. दुधी सोलताना तिची सुरी जरा खोल जायला लागली. सालीबरोबर पांढरा गर यायचा. बटाट्याचंही तसंच. फ्लॉवरची दांडी तोडताना एखादा तुरा दांडीलाच राहायचा. पहिल्यांदा तिला स्वतःलाच कळलं नाही. मग कळलं, आणि तरी हात तसाच चालला. घरी चैताली म्हणाली, मम्मी, आजची भाजी खऱ्या भाजीसारखी लागते.

खानावळीत भाजी कमी पडायला लागली. शेवटच्या पंगतीला नुसती डाळ जायची. एक-दोघांनी कुरकुर केली. शोभाबाई एका सकाळी मागे आल्या, टोपलीतून दुधीची एक साल उचलली आणि बोटांत धरून बघितली. सुंदराने सुरी खाली ठेवली. समोर अश्विनी कणीक मळत होती. तिनेही हात थांबवले. शोभाबाईंनी साल परत टोपलीत ठेवली.

"उद्यापासून अश्विनी चिरेल," त्या म्हणाल्या. "तू तव्यावर बस."

एवढंच. कामावरून काढलं नाही, चारचौघांत बोलल्या नाहीत, टोपलीही बंद केली नाही. त्या रागावल्या असत्या तर सुंदराला बरं वाटलं असतं. घरी जाताना टोपलीला हात लावायला तिला लाज वाटली, पण हात रिकामा घेऊन जाणं तिला परवडणार नव्हतं, म्हणून तिने त्यातला आपला वाटा उचलला. अश्विनीचा हात साफ होता. तिच्या साली कागदासारख्या पातळ निघायच्या.

तव्यावर बसणं म्हणजे भट्टीपुढे बसणं. लोखंडी तवा खाटेएवढा, त्यावर एका वेळी डझनभर पोळ्या. उन्हाळ्यात पत्र्याखाली तिथे कोणी टिकत नसे. सुंदरा टिकली, कारण जायला दुसरी जागा नव्हती.

दहावीच्या परीक्षेच्या थोडं आधी शाळेतून निरोप आला. चैताली प्रार्थनेला उभी असताना कोसळली होती. सुंदरा तव्यावरून उठून तशीच पिठाच्या हातांनी गेली. वर्गशिक्षिका, नूतन मॅडम, चांगली होती. तिने मुलीला बिस्किटं आणि साखरपाणी दिलं होतं. तिने विचारलं, सकाळी काय खाल्लं होतं? चैताली म्हणाली, पोहे. घरात पोहे कित्येक महिने नव्हते. सुंदराने तिचं खोटं तसंच राहू दिलं.

ती पोरीला घरी न नेता खानावळीत घेऊन आली. आता तिला मागायला काही वाटत नव्हतं. तिने शोभाबाईंना सांगितलं, की हिला एक वेळ जेवू द्या, माझ्या पगारातून कापा.

शोभाबाईंनी मुलीकडे पाहिलं. "पगार कापून तुम्ही काय खाल? नुसतं जेवायला घालायला लागले तर बाकीच्यांना काय सांगू?" त्या म्हणाल्या. "संध्याकाळी येऊन वाढू दे हिला. कामाला येईल तो जेवेल. त्याला कोणी नाव ठेवणार नाही."

चैताली लगेच हो म्हणाली. त्या संध्याकाळी पंगती उठल्यावर ती कोपऱ्यात जेवायला बसली. भात, डाळ, बटाट्याची भाजी, पोळ्या. कोणाकडे न बघता, न थांबता खात होती. सुंदरा तव्यावरून तिला गरम पोळी टाकत राहिली आणि पोरगी खात राहिली. किती दिवसांनी आपल्या हातची पोळी आपल्या पोरीच्या ताटात पडते आहे, हे सुंदराच्या मनात आलं, आणि तिला रडूही आलं नाही, आनंदच झाला. घरी आता दोनच ताटं लागायची. तुकडा तांदूळ जास्त दिवस जायला लागला. रंभाबाईच्या वाटीत वड्या दिसायला लागल्या.

परीक्षा चैतालीने दिली आणि ती पासही झाली, बरी पास झाली. सुट्टीत ती सकाळचीही यायला लागली. वाढणारी एक बाई गावी निघून गेली होती आणि शोभाबाईंना माणूस हवंच होतं. चैताली पंगतीत ओडिया पोरांशी हिंदीत बोलायची, हिशेबाला गुजराती. चपळ होती. ती अंगाने भरली. बांगडी मनगटावर बसायला लागली.

शाळा सुरू व्हायच्या दिवसांत सुंदराने तव्यावरची पोळी उलटता उलटता विषय काढला. नूतन मॅडमने निरोप पाठवला होता, अकरावीच्या प्रवेशाला उशीर करू नका म्हणून. सुंदरा म्हणाली, जा तू उद्या. मी मावशींना सांगते.

चैताली पाण्याचे जग भरत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"आणि जेवू कुठे?"

तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. वर्ग सकाळपासून दुपारपर्यंत, आणि वाढायचं कामही त्याच वेळी. दोन्ही जमायचं नाही, एवढाच तिचा हिशेब होता. सुंदराने उत्तर शोधून पाहिलं. संध्याकाळची पाळी फक्त धरावी, तर शोभाबाईंना आता दिवसभराची मुलगी हवी. घरून डबा द्यावा, तर डब्यात काय द्यावं. भाईदासला सांगावं, तर तो नुसता ओट्यावर जाऊन बसेल. सगळ्या बाजूंनी जाऊन ती परत त्याच प्रश्नापाशी आली. तोवर तव्यावरच्या पोळ्या करपायला लागल्या होत्या. तिने त्या भराभर काढल्या.

बाहेर बाकडी भरायला लागली होती. कोणीतरी पाणी मागितलं. चैताली दोन्ही हातांत जग घेऊन बाहेर गेली, आणि सुंदराने पुढचा गोळा लाटायला घेतला.

अजून दोघी तिथेच आहेत.