मागच्या डाव्या चाकाकडचा आवाज

वस्तादाचं गॅरेज म्हणजे एक शटर, आत गाडीखाली उतरून उभं राहता येईल असा लांबट खड्डा आणि भिंतीवर ओळीने टांगलेले पाने. अठ्ठावीस वर्षं तो एकटाच ते चालवत होता. माणसं ठेवून पाहिली, पण दुसऱ्याने आवळलेला बोल्ट त्याला कधी पटायचा नाही. संध्याकाळी तो प्रत्येक बोल्टला पुन्हा पाना लावायचा आणि माणूस चार दिवसांत फुगून निघून जायचा. "किती आवळायचं ते पुस्तकात नसतं, इथं असतं," असं म्हणत तो उजव्या हाताची बोटं वर करून दाखवायचा. त्यात फुशारकी होती, पण ती खोटी नव्हती. त्याच्या हाताखालून गेलेली गाडी त्याच तक्रारीसाठी परत येत नसे.

त्या वर्षी त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याच्या मणक्याचं ऑपरेशन झालं. भाऊजी छापखान्यात मुद्रितशोधक होते. उभा जन्म दुसऱ्यांच्या चुका काढण्यात गेलेला माणूस, तेव्हा त्यांचं आणि वस्तादाचं सूत जमलं असतं तरच नवल. पण आता ते आठवड्यातून तीनदा मागच्या सीटवर उशीला टेकून, ओठ मिटून दवाखान्यात जायचे आणि ताई गाडी चालवायची. गाडी जुनी, मागच्या स्प्रिंगा बसलेल्या. प्रत्येक गतिरोधकावर भाऊजींच्या तोंडून निघणारा आवाज ऐकून ताईच्या डोळ्यांत पाणी यायचं.

"गाडी माझ्याकडे सोड," वस्ताद म्हणाला. "मागच्या स्प्रिंगा आणि शॉकअप दोन्ही बदलतो. भाऊजी पाळण्यात बसल्यासारखे जातील."

त्या मॉडेलचे मूळ पार्ट मिळेनासे झाले होते, म्हणून त्याने दुसऱ्या बनावटीचे, जरा मऊ असे मागवले. एका दुपारीत चारही बसवून टाकले. गाडी घेऊन जाताना ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि दिवसभर तो त्या हातावर खूश होता.

चौथ्या दिवशी ताईचा फोन आला. "अरे, मागून काहीतरी वाजतंय म्हणतात हे."

"तुला ऐकू येतं?"

"मला नाही येत. पण हे म्हणतात, डाव्या बाजूला, कमरेच्या खाली. खड्ड्यात चाक गेलं की खट. आणि हळू चढताना कुईं."

"नवा माल आहे ताई, बसायला आठ-दहा दिवस घेतो." फोन ठेवल्यावर तो स्वतःशीच पुटपुटला, "चुका काढल्याशिवाय अन्न पचत नाही या माणसाला."

दहा दिवस झाले. आवाज बसला नाही, उलट भाऊजींनी एका कागदावर तो कुठे कुठे येतो ते लिहून पाठवलं. सुबक अक्षर, खाली रेघ मारलेली. वस्तादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तरीही त्याने गाडी मागवली. डिकी रिकामी केली, जॅक आणि जादा चाक पक्कं आहे का ते पाहिलं, सायलेन्सर ज्या रबरांना टांगतो ती हलवून बघितली, स्प्रिंगांखालच्या रबरी गाद्या तपासल्या. मग एकट्यानेच गाडी घेऊन पुलापलीकडच्या खराब रस्त्यावर दोन चकरा मारल्या. गाडी गप्प.

"काही नाही," त्याने ताईला सांगितलं. "आजारी माणसाचे कान तिखट होतात."

ताई कपडे मापात बसवून देण्याचं दुकान चालवायची. गिऱ्हाईक अंगावर घालून दाखवेपर्यंत माप बरोबर म्हणायचं नाही, हा तिचा धंद्यातला नियम. जाता जाता ती एवढंच म्हणाली, "तू पुढे बसून ऐकलंस. ते मागे असतात. एकदा त्यांच्या जागी बसून बघ की."

ते त्याला लागलं, आणि पटलंही. मागे वजन असतानाच आवाज येणार, हे त्याच्या आधी लक्षात यायला हवं होतं. एखाद्या नवशिक्याला त्याने यावरून फैलावर घेतलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी ताई आली तेव्हा त्याने मागची सीट आडवी पाडली आणि वयाच्या चौपन्नाव्या वर्षी अर्धा डिकीत, अर्धा सीटवर असा आडवा झाला. कान पत्र्याला लावला. "चल," म्हणाला.

पहिल्याच खड्ड्यात त्याला तो ऐकू आला. खट. कोरडा, लोखंडावर लोखंडाचा. पुढच्या गतिरोधकावर कुईं. भाऊजींनी कागदावर लिहिल्याप्रमाणे, तिथेच, तसाच. शिवाय प्रत्येक दणक्याला त्याचं स्वतःचं डोकं पत्र्यावर आपटत होतं, आणि हा माणूस टाके घातलेल्या पाठीने इथून आठवड्यातून तीनदा जातो, हे त्याला पहिल्यांदाच अंगाने कळलं.

गॅरेजमध्ये येऊन त्याने गाडी खड्ड्यावर घेतली आणि खाली उतरला. कुईंचं कारण पाहताक्षणी कळलं. सांध्यातली रबरी बुशं पिळलेली होती, कारण त्याने बोल्ट चाकं हवेत लटकत असतानाच आवळले होते. गाडी जमिनीवर टेकवून, तिचं वजन पडू देऊन मग शेवटचं आवळायचं असतं. हे त्याला झोपेतही ठाऊक होतं. त्या दुपारी घाई केली, बस.

राहिला खट. "ताई, डिकीवर हात ठेव आणि गाडी वरखाली दाब."

ताई दाबू लागली. वस्तादाने डाव्या शॉकअपच्या खालच्या बोल्टवर उजव्या हाताची बोटं ठेवली, नंतर वरच्या टोकाला, नंतर पुन्हा खाली. खट, खट, खट. आवाज डोक्यावरच होत होता, पण बोटांना काहीच लागत नव्हतं.

"सापडलं का?"

"थांब जरा."

त्याने हात बदलला. डाव्या हातालाही तेच. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरला. ताईने दाबणं थांबवलं, ती पायऱ्या उतरून खाली आली. "दाखव कुठे बघायचं ते. आता तू दाब." तो वर गेला आणि दाबू लागला. ताईने बोटं बोल्टवर टेकवली मात्र.

"अगं बाई! हा तर ढिला दात हलावा तसा हलतोय. धाकट्या, तुला कळलं नाही?"

त्याचे हात डिकीवरच राहिले. पाना लावला तेव्हा नट जवळजवळ दीड वळण आत गेला. नव्या नटाचे आटे घट्ट असतात. तो घट्टपणाच त्याने शेवट समजला होता. पूर्वी हा फरक त्याच्या बोटांनी झोपेत सांगितला असता.

"नव्या पार्टचं होतं असं कधीकधी," तो म्हणाला, ताईकडे न बघता.

ताईने पदराला अडकवलेली टाचणी काढली. दुकानात सतत लागते म्हणून ती तिच्याजवळ असायचीच. "डोळे मीट."

"काय पोरखेळ लावलाय?"

"मीट म्हणते ना."

त्याने डोळे मिटले, हात पुढे केला. बराच वेळ गेला असं त्याला वाटलं. "लाव ना," तो म्हणाला.

"लावली होती. तीन बोटांना," ताई म्हणाली. डोळे उघडून त्याने पाहिलं, मधल्या बोटावर रक्ताचा बारीक थेंब आला होता.

खरं तर त्याला माहीत नव्हतं असं नाही. सकाळी हात बधिर वाटायचे, तो ते झटकायचा. चहाचा पेला तापलाय हे ओठांनाच कळायचं. वॉशर हातातून निसटायचे, तो वॉशरला शिव्या घालायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून त्याने ती स्वतःपासूनही झाकून ठेवली होती. त्या संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं, तेव्हा ती भाजी चिरत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"गेल्या हिवाळ्यापासून तुमच्या शर्टाची वरची बटणं मी लावते. तुम्हाला काय वाटलं, लाडाने?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही दुसऱ्या दिवशी स्वतः लावायला गेला असता. आणि नसती लागली म्हणजे?"



डॉक्टरांनी हाताला तारा लावून तपासलं. हवेवर चालणारं नट खोलायचं मशीन वर्षानुवर्षं वापरून बसलेले हादरे, त्यात रक्तात साखर. नसा गेल्यात, म्हणाले. मशीन बंद केलंत आणि साखर सांभाळलीत तर आहे तेवढं राहील. गेलेलं परत येईल अशी आशा देत नाही.

दवाखान्याच्या पायरीवर वस्ताद ताईशेजारी बसला. हात गेले त्याचं दुःख होतंच, पण डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. गेल्या हिवाळ्यापासून म्हणजे आठ महिने. आठ महिन्यांत किती गाड्या? किती चाकं, किती ब्रेक? भाऊजींसारखा चुका शोधणारा माणूस प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर थोडाच बसलेला असतो!

"काय सांगणार आहेस लोकांना?" ताईने विचारलं. "धंदा बसेल रे."

"बसू दे."

ठरवलेल्या जोराला पोचलं की टक् करणारा पाना असतो, तो त्याने आणला. पूर्वी त्याची तो टिंगल करायचा. मग फोन लावायला सुरुवात केली. चाकांचं, ब्रेकचं किंवा शॉकअपचं काम केलेल्या एकतीस गाड्या. "गाडी जरा घेऊन या, माझं काम मला पुन्हा बघायचंय," असं म्हणायचा, आणि का म्हणून विचारलं की खरं कारण सांगायचा. एक शिक्षिका म्हणाली, बरं झालं सांगितलंत. एका बेकरीवाल्याने, माझी गाडी काय प्रयोगाला घेतली होतीस काय, म्हणून भर रस्त्यात त्याचा पाणउतारा केला; वस्तादाने मान खाली घालून ऐकून घेतला. बहुतेक गाड्या ठीक निघाल्या. चार नटांनी पाव वळण घेतलं, आणि एका टॅक्सीच्या पुढच्या ब्रेकचा बोल्ट त्याने हाताने फिरवून बाहेर काढला. टॅक्सीवाला शेजारी उभा होता. त्याच दिवशी सकाळी याच टॅक्सीतून त्याने स्वतःच्या मुलीला शाळेत सोडलं होतं. तो नुसता बोल्टकडे पाहत राहिला. त्याने शिव्या घातल्या असत्या तर वस्तादाला बरं वाटलं असतं.

भाऊजींची गाडी आता आवाज करत नव्हती. वस्ताद त्यांना भेटायला गेला तेव्हा ते पडल्या पडल्या छापखान्याचे कागद तपासत होते. तो उभाच राहिला.

"तुमचं बरोबर होतं, भाऊजी. मी आजारी माणसाचे कान म्हणालो."

"हिने सांगितलं मला." त्यांनी चष्मा काढला. "माझे डोळे अधू झाले तेव्हा एका औषधाच्या माहितीपत्रकात मात्रेचं एक शून्य जास्त गेलं होतं. छापून, वाटून झालं होतं. दुकानदाराच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. मी कुणाला सांगितलं नाही, तुझ्या बहिणीलाही नाही." चष्मा परत लावत ते म्हणाले, "बस की. उभा काय राहिलायस?"

तीस गाड्या झाल्या. एकतिसावी, एका परिचारिकेची लाल गाडी, राहून गेली. तिचे मागचे शॉकअप त्याने भाऊजींच्या गाडीच्याच महिन्यात बदलले होते. नंबर बंद होता. पत्ता शोधत गेला, तर तिसऱ्या मजल्यावर दुसरीच माणसं राहत होती. परिचारिका कुठल्याशा दुसऱ्या गावच्या इस्पितळात गेली, एवढंच त्यांना ठाऊक. त्याने चार इस्पितळांत फोन केले. कुणी परिचारिकांची नावं सांगेना. पाचवा फोन त्याने लावून मध्येच ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावला.

सोमवारी शटर उघडलं तेव्हा एक अनोळखी गृहस्थ गाडी घेऊन उभे होते. मागून आवाज येतो म्हणाले. कुणीतरी तुमचं नाव सांगितलं. त्यांनी किल्ली वस्तादाच्या हातात दिली.

"आधी एक सांगतो," वस्ताद म्हणाला. "माझ्या बोटांना आता कळत नाही. मी जोर मोजणाऱ्या पान्याने आवळतो आणि दोनदा बघतो. चालत असेल तर गाडी आत घ्या."

गृहस्थांनी त्याच्या हातांकडे पाहिलं, मग गाडीकडे. "बघतो," म्हणाले. "संध्याकाळी येतो वाटल्यास."

वस्तादाने किल्ली परत दिली, आत जाऊन टेबलावरचा फोन जवळ ओढला आणि सहाव्या इस्पितळाचा नंबर फिरवला.