बोटभर जागा

भाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी चंद्रपूरला कॉलेजात, परीक्षेचा अर्ज घेऊन रांगेत उभी होते. अर्ज भरला, मगच रडले... याचं अजून वाईट वाटतं.

भाऊ म्हणजे अहेरीचे निवृत्त शिक्षक. रक्ताचं नातं नव्हतं. आसपासच्या घरांत कणगीमागे पडलेले मोडी लिपीतले जुने कागद ते गोळा करत आणि पुस्तक छापायचं म्हणून देवनागरीत उतरवत. "छापलं नाई तर वाळवीच वाचंन," म्हणायचे. सुट्टीत मी त्यांची लेखनिक. ते भिंग धरून वाचायचे, मी लिहायची. मग मी वाचून दाखवायची आणि ते मूळ कागदावर बोट फिरवत ओळीओळीला "हूं" म्हणायचे. हूं आल्याशिवाय पुढची ओळ नाही.

एका कागदात मोहफुलं वेचायचा हक्क असलेल्या गावांची यादी होती. मध्ये वाळवीनं खाल्लेलं भोक. त्याच्या आधीचं आणि नंतरचं गाव आमच्याच शेजारचं. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आमच्या गावाचं नाव मी कुठल्याच पुस्तकात पाहिलेलं नव्हतं. मी तिथं ते लिहून टाकलं आणि वाचताना तसंच पुढं रेटलं. हूं आला नाही.

"हे कुठी दिसलं तुले?"

"भाऊ, आमचंच गाव असंन तिथी. दुसरं कोणतं राहीन?"

"असंन. मले बी तसंच वाटते. पण कागद म्हणून नाई राह्यला ना." मग हसले. "वाळवीच्या पोटातलं वाचता येते, अन् माझं अक्षर लागत नाई तुले!"

त्यांनी नाव खोडलं, तिथं तर्जनी आडवी ठेवली. "एवढी जागा सोड. दुसरा कागद भेटला तर नाव बसवू." मी दोन दिवस रुसले होते. पुढं वर्षभर नवा कागद हाती आला की ते आधी आमचंच गाव शोधत, हे त्यांच्या पत्नीनं मला तेरवीला सांगितलं. सापडलं नाही.

मागच्या आठवड्यात छापखान्यातून मुद्रितं आली. तपासायला मी एकटी. यादीपाशी आले, तर जुळणी करणाऱ्यानं गावं सलग जोडून टाकलेली, जागाच नव्हती. आता नाव घातलं तरी विचारणारं कोणी नव्हतं... पेन बराच वेळ हातात होतं. शेवटी खूण करून समासात लिहिलं, 'इथे जागा सोडावी.' किती, ते ठरवायला बोट आडवं ठेवलं. माझं बोट बारीक, म्हणून थोडी जास्तच सोडली.

मग ती ओळ मोठ्यानं वाचली, आणि थांबले.